सनद ते संसद: वकिली करत खासदारकीपर्यंत कसं जायचं

तालुका कोर्टापासून हायकोर्टापर्यंत प्रत्येक बार रूममध्ये दोन-चार तरुण वकील असे भेटतात, ज्यांना मनातून खासदार व्हायचं असतं. सल्लेही ठरलेले मिळतात. सीनियर म्हणतात, ‘आधी प्रॅक्टिस बसव.’ पक्षातले म्हणतात, ‘आधी माणसं जोड.’ दोघांचंही बरोबर आहे, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या कशा, हे दोघंही सांगत नाहीत. या लेखात तेच सांगायचा प्रयत्न आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. काळा कोट मतं मिळवून देत नाही. वकिलीचा खरा उपयोग वेगळा आहे: लोकांचं गाऱ्हाणं नेमकं कुठल्या कलमाशी, कुठल्या कार्यालयाशी आणि कुठल्या सभागृहाशी जाऊन भिडतं, हे वकिलाला शोधता येतं आणि वर्षानुवर्षं तो त्याचा पाठपुरावा करू शकतो. ही सवय ज्याने लावून घेतली, त्याची वकिली आणि राजकारण एकाच कामाचे दोन भाग होतात.

महाडच्या चवदार तळ्याचा क्रम या नजरेने पाहा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात काही बदललं नाही. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षी विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम आणला. पुढे तो दावा लढत लढत हायकोर्टात गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्याच १९३७ मध्ये बाबासाहेब मुंबई विधानसभेत निवडून आले आणि कोकणातली खोती पद्धत (खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत) रद्द करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. सभागृह, रस्ता, कोर्ट आणि पुन्हा सभागृह. यातलं एकही ठिकाण त्यांनी सोडलं नाही. वकिलीतून लोकप्रतिनिधी होण्याचा याहून मोठा वस्तुपाठ महाराष्ट्रात नाही.

पदवी आणि सनद

हा भाग सोपा आहे, त्यामुळे थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी राज्याची विधी सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस किंवा जिल्ह्याच्या गावचं साधं विधी महाविद्यालय, कुठूनही शिकलात तरी निवडणूक अर्जात त्याने फरक पडत नाही. राजकारणाच्या दृष्टीने मला तर जिल्ह्याच्या गावी शिकण्यात फायदाच दिसतो. तिथे वर्गात बसलेली मुलं पुढे त्याच जिल्ह्यात वकील, अधिकारी, पत्रकार आणि सरपंच होतात.

पदवीनंतर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायचं. नोंदणीसाठी राज्य बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त शुल्क घेऊ नये, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये दिला. कायद्यातली रक्कम सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. गरीब घरातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

पहिली सात-आठ वर्षं कुठे घालवायची

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. हायकोर्टात गेलात तर कायदा धारदार होतो, नाव लवकर होतं, पैसाही बरा मिळतो. पण लोकसभेचा मतदार हायकोर्टात येत नाही. तो तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात, मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर, कामगार न्यायालयात आणि पोलीस स्टेशनच्या बाकावर भेटतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: मतदारसंघातून लोकसभा लढवायची असेल, तर सुरुवातीची काही वर्षं जिल्हा आणि तालुका कोर्टात काढा. यशवंतराव चव्हाणांनी कराडला वकिली केली. उज्ज्वल निकमांची सुरुवात जळगावच्या जिल्हा न्यायालयात झाली. पाया तिथे घातला तरी पुढची उंची अडत नाही.

कामाची निवडही विचारपूर्वक करा. फौजदारीत नाव लवकर होतं, पण राजकारणाला उपयोगी समज महसुली आणि जमिनीच्या कामांतून येते. वारस नोंदीचं उदाहरण घ्या. वडील वारले, शेतजमिनीवर भावांची नावं लागली, बहिणींची राहिली. गाव पातळीवर फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकत आली तर मंडल अधिकारी निर्णय देतो, त्याविरुद्ध प्रांताकडे अपील. तुम्ही बहिणीच्या वतीने अपील करता. फाईल उघडल्यावर दिसतं, की नोटीस बजावल्याच्या कागदावर तिची सहीच नाही आणि पत्ता माहेरचा लिहिलाय, जिथे ती वीस वर्षं राहतच नाही. ही झाली एक केस. अशाच पंधरा-वीस केसेस एका तालुक्यातून आल्या, तर तो आता एका बाईचा प्रश्न राहत नाही.

अशा वेळी एक वही ठेवा. अशिलाचं नाव-गाव लिहू नका, ती गोपनीय बाब आहे. फक्त तक्रारीचा प्रकार, कार्यालय, लागलेला काळ आणि अडलं कुठे, एवढंच लिहा. त्यापुढे तीन प्रश्न: इथे कायदाच चुकीचा आहे, नियम अपुरे आहेत, की नियम असून अंमलबजावणी होत नाही? आणि चौथा, खासदार होऊ पाहणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा: हा विषय कुणाचा? घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्य सूचीत आहे, रेल्वे संघ सूचीत, जंगल समवर्ती सूचीत. म्हणजे वारस नोंदीच्या नियमांत खासदार थेट हात घालू शकत नाही, ते काम विधिमंडळाचं. पण २००६ चा वनहक्क कायदा, २०१३ चा भूसंपादन कायदा, मोटार वाहन कायदा, पीक विमा, रेल्वेचं भूसंपादन, बँकांची वसुली, हे खासदाराच्या कक्षेत येतं. प्रचारात रस्ता-गटार-सातबाऱ्याची आश्वासनं देणारे उमेदवार पुष्कळ असतात. या सूचीचा अभ्यास असलेला वकील मतदाराला खरं सांगू शकतो, की हे माझ्या हातात आहे आणि हे नाही. त्याने मतं कमी होतात असं मला वाटत नाही. लोकांना उत्तर हवं असतं आणि नेमकं उत्तर दिलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

वनहक्काचे दावे हे आदिवासी भागातल्या वकिलासाठी उत्तम शिक्षण आहे. ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती अशा पायऱ्यांनी दावा जातो आणि अनेकदा पुराव्याअभावी फेटाळला जातो. जुन्या पावत्या, वनखात्याने केलेल्या दंडाच्या नोंदी, वडीलधाऱ्यांचे जबाब, हे गोळा करताना तुम्ही गावात मुक्काम करता, माणसं ओळखता. राज्यातल्या ४८ लोकसभा जागांपैकी नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांपैकी नंदुरबारमधून २०२४ मध्ये ॲड. गोवाल पाडवी निवडून आले.

कोर्टाबाहेरची पायरी

बार असोसिएशनची निवडणूक जरूर लढवा. मतदार थोडे, पण सगळेच वाद घालण्यात पटाईत. मतांची बेरीज, गटबाजी, हरल्यावर पुन्हा त्याच माणसांशेजारी बसणं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं.

मग स्थानिक स्वराज्य संस्था. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका किंवा महानगरपालिका. खासदारकीला हे बंधनकारक नाही, पण अर्थसंकल्प म्हणजे काय आणि तो खर्च कसा पडतो, हे इथे जवळून दिसतं. एक सावधगिरी: ज्या संस्थेचे तुम्ही सदस्य आहात, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध वकीलपत्र घेऊ नका. संबंधित अधिनियमातली अपात्रतेची कलमं अर्ज भरण्याआधीच वाचून ठेवा.

पक्षात शिरण्याचा वकिलासाठी सर्वांत नैसर्गिक दरवाजा म्हणजे विधी आघाडी किंवा लीगल सेल. बरेच जण तिथे पद मिळालं की फक्त लेटरहेड छापतात. खरं काम मात्र निवडणुकीत असतं. दुसऱ्या उमेदवारांचे अर्ज भरून द्या, छाननीला बसा, आचारसंहितेच्या तक्रारी लिहा आणि मुख्य म्हणजे मतदान व मतमोजणी प्रतिनिधींना शिकवा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-क (फॉर्म 17C) ची साक्षांकित प्रत प्रत्येक प्रतिनिधीने घ्यायचीच असते. त्यावर त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब असतो. मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेल्या मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि एकूण मतं त्या प्रतीशी जुळवून पाहायची. शेकडो केंद्रांच्या प्रती गोळा करून, क्रमाने लावून मोजणीच्या सभागृहात घेऊन जाणारा वकील पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला कायमचा आठवतो. भाषणं करणारे बरेच असतात, हे काम करणारा एखादाच.

लोकसभा की राज्यसभा

लोकसभेसाठी वय किमान २५, राज्यसभेसाठी ३०. दोन्हींसाठी भारतातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघात मतदार म्हणून नाव हवं. राज्यसभेसाठी त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट २००३ मध्ये काढून टाकली गेली.

महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात, मतदार अठरा-वीस लाखांच्या घरात. खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये. राज्यसभेच्या राज्यात १९ जागा आहेत आणि त्या आमदारांच्या मतांवर ठरतात. एका वेळी सहा जागा असतील आणि २८८ आमदारांनी मतदान केलं, तर निवडून यायला साधारण ४२ आमदारांची पहिल्या पसंतीची मतं लागतात. मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून द्यावं लागतं. थोडक्यात, राज्यसभेचा निर्णय पक्षनेतृत्व करतं. नामवंत वकिलांना पक्ष तिथे पाठवतात, कारण सभागृहात आणि कोर्टातही पक्षाची बाजू मांडणारं माणूस त्यांना हवं असतं. याशिवाय राष्ट्रपती १२ सदस्य नामनिर्देशित करतात. उज्ज्वल निकम २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा लढले आणि हरले, जुलै २०२५ मध्ये त्यांचं राज्यसभेवर नामनिर्देशन झालं.

तरुण वकिलाने मात्र राज्यसभेची वाट पाहत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. तो रस्ता कोर्टात शिखर गाठलेल्यांसाठी किंवा पक्षात आयुष्य घालवलेल्यांसाठी आहे. त्याचं नियोजन करता येत नाही. लोकसभेचं करता येतं.

अर्ज: वकिलाने इथे चुकणं अक्षम्य

उमेदवारीच्या कागदपत्रांची यादी करण्यापेक्षा, जिथे अर्ज अडतात त्या जागा सांगतो.

पहिली जागा, लाभाचं पद. घटनेच्या कलम १०२(१)(क) नुसार सरकारी लाभाचं पद धारण करणारा अपात्र ठरतो. वकिलांना वाटतं, आपण काही नोकर नाही. पण महादेव विरुद्ध शांतीभाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या वकिलांच्या पॅनेलवर असणं हे लाभाचं पद मानलं. उलट कांता कथुरिया प्रकरणात एका खटल्यापुरत्या नेमलेल्या विशेष सरकारी वकिलाबाबत बहुमताचा निर्णय उमेदवाराच्या बाजूने गेला. म्हणजे सीमारेषा बारीक आहे. तिच्यावर चालण्याची हौस कशाला? सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील, महामंडळाचं पॅनेल, केंद्र सरकारचं पॅनेल, जे काही असेल त्याचा राजीनामा अर्जाच्या बऱ्याच आधी द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. राजीनामा दिल्याची पोच पुरेशी धरू नका.

दुसरी जागा, मतदार यादी. तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर त्या यादीची किंवा संबंधित भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीवेळी हजर करावी लागते. नाव राहत्या शहरात आणि लढायचं गावाकडून, असं वकिलांच्या बाबतीत नेहमी होतं.

तिसरी जागा, नमुना २६ चं शपथपत्र. यात प्रलंबित फौजदारी प्रकरणं, शिक्षा, स्वतःची, पती किंवा पत्नीची, अविभक्त कुटुंबाची आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, व्यवसाय, शिक्षण असं सगळं येतं. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालानंतर रिकामे रकाने ठेवलेलं शपथपत्र फेटाळलं जाऊ शकतं. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहा. आंदोलनातल्या जमावबंदीच्या जुन्या केसेस वकील विसरतात. ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कधी मोर्चा काढला असेल, तिथून माहिती मागवून घ्या. गुन्हे प्रलंबित असतील तर त्यांची जाहिरात वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा द्यावी लागते.

चौथी जागा, शपथ. अर्ज दाखल केल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे घटनेशी निष्ठेची शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यायची असते आणि ती छाननीच्या तारखेच्या आधी व्हायला हवी. छाननीच्या दिवशी सकाळी घेऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो.

बाकी नेहमीचं. लोकसभेसाठी नमुना २-अ, अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२,५००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा, आणि सूचक त्याच मतदारसंघातला मतदार हवा. अर्जाचे जास्तीत जास्त चार संच भरता येतात, अनामत एकदाच. पक्षाचे ए आणि बी फॉर्म (अधिकृत उमेदवारीची पत्रं) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीनिशी पोचलेच पाहिजेत. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं.

चार संच भरताना सूचक वेगवेगळे घ्या. एका सूचकाच्या सहीवर हरकत आली, तरी बाकीचे तीन संच उभे राहतात.

प्रचारात वकील म्हणून पाळायच्या गोष्टी

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाने बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचा नसतो, औपचारिक समारंभांचा अपवाद सोडून. त्यामुळे प्रचाराच्या फलकावर बँड-गाऊनमधला फोटो टाळा. नावाआधी ‘ॲड.’ लिहिणं वेगळं, आपल्या वकिलीची जाहिरात करणं वेगळं. आपण जिंकलेल्या खटल्यांची यादी पत्रकात छापणं जाहिरातीच्या बंदीला भिडतं, शिवाय त्यात अशिलांची नावं उघडी पडतात. ज्या प्रश्नांवर काम केलं ते लिहा, ज्या माणसांसाठी केलं त्यांना राजकारणात ओढू नका.

अशिलांकडून देणगी घेताना फार जपा. ज्याची केस चालू आहे त्याच्याकडून निवडणुकीला पैसे घेतले, की फी कुठली आणि देणगी कुठली हा प्रश्न उद्या उभा राहतो. खर्चाची नोंदवही रोजच्या रोज लिहा. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक ती किमान तीनदा तपासतात. एका व्यक्तीला दहा हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नका.

भाषणांतली भाषा हाही कायद्याचाच भाग आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचरण ठरतं आणि २०१७ च्या सात न्यायाधीशांच्या निकालाने त्याचा अर्थ आणखी रुंद केला. विलेपार्ल्याची १९८७ ची विधानसभा पोटनिवडणूक याच मुद्द्यावर रद्द झाली आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. आपल्या व्यासपीठावर दुसरा कुणी बोलला तरी जबाबदारी अंगावर येऊ शकते, म्हणून वक्त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि चालू खटले. प्रचाराच्या काळात तुमच्यामुळे अशिलांच्या तारखा वाया जाता कामा नयेत. दोन-तीन महिने आधी बोर्ड (कोर्टातल्या कामांची यादी) तपासा, पुराव्याला लागलेली प्रकरणं विश्वासू सहकाऱ्याकडे द्या, त्याचं नाव वकीलपत्रावर आणा आणि प्रत्येक अशिलाला स्वतः फोन करून सांगा. फी आगाऊ घेतली असेल आणि काम पुढे नेता येणार नसेल, तर न झालेल्या कामाची फी परत करा.

निकाल लागल्यावर

हरलात तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली असतील तरच अनामत परत मिळते. जिंकलात किंवा हरलात, निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचाच. तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पराभवाच्या निराशेत हिशेब विसरणारे उमेदवार पुढच्या निवडणुकीलाही मुकतात. निकालाला आव्हान द्यायचं असेल तर निवडणूक याचिका ४५ दिवसांत हायकोर्टात. ही मुदत वाढवून मिळत नाही.

पराभवाने खचू नका, हे मी सहज म्हणत नाही. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले बाबासाहेब १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईतून हरले, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. त्या काळात ते राज्यसभेत होते आणि तिथून बोलत राहिले.

संसदेत वकिलाने काय करावं

पहिल्या अधिवेशनात बहुतेक नवे खासदार शून्य प्रहराच्या, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेच्या, मागे लागतात. तिथे दोन मिनिटं मिळतात, चित्रफीत होते, गावाकडे फिरते. त्याचं महत्त्व मी नाकारत नाही. पण वकिलाची खरी जागा प्रश्नांत आणि समित्यांत आहे.

प्रश्नासाठी साधारण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न रोज २० च लागतात, तेही सोडतीने. म्हणून अतारांकित प्रश्नांना कमी लेखू नका. त्यांना लेखी उत्तर मिळतं आणि ते अधिकृत कागद असतं. उलटतपासणी घेताना जसा एका प्रश्नात एकच तथ्य विचारतो, तसाच संसदेतला प्रश्न लिहा. ‘महाराष्ट्रातल्या भूसंपादनाची स्थिती काय आहे?’ असं विचारलंत तर दोन पानांचं गुळगुळीत उत्तर येतं. ‘अमुक रेल्वे मार्गासाठी किती हेक्टर संपादित झालं, निवाडे कुठल्या तारखांना झाले, किती खातेदारांची रक्कम अजून अदा झालेली नाही आणि का?’ असं विचारा. जुनी वही इथे उपयोगी पडते.

विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. कॅमेरे नसतात, त्यामुळे तिथे पक्षभेद बाजूला ठेवून कलमांवर बोलता येतं. वकील म्हणून विधी व न्याय समितीची इच्छा होणं स्वाभाविक, पण ग्रामविकास, कामगार किंवा रेल्वे समितीत कायदा वाचता येणारा माणूस कमी असतो. तिथे तुमची गरज अधिक.

खासगी सदस्याचं विधेयक मांडण्याचा मोह वकिलाला होतोच. आजवर अशी १४ विधेयकंच कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. ते सुप्रीम कोर्टाच्या फौजदारी अपिलाच्या अधिकारकक्षेबद्दलचं होतं आणि आणलं होतं आनंद नारायण मुल्ला यांनी, जे स्वतः हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले. तरी मी म्हणेन, विधेयक मांडा. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा स्थापित करण्यासाठी खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही, पण त्यावरची चर्चा देशभर गाजली आणि नाथ पैंच्या निधनानंतर १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने तोच मुद्दा सरकारने कायद्यात आणला. मसुदा नीट हवा: उद्देश व कारणांचं निवेदन, आणि सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन. ते नसलेलं विधेयक पुढे सरकत नाही.

कोर्टाची सवय जिथे आड येते, त्या दोन गोष्टी. एक, कलम १०५ खाली सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, पण कलम १२१ नुसार न्यायाधीशाला हटवण्याचा प्रस्ताव असल्याशिवाय त्याच्या वर्तनावर चर्चा करता येत नाही. निकालावर टीका आणि न्यायाधीशावर टीका यातला फरक वकिलाने सांभाळायचा. दोन, व्हिप. दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने ते १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. भाषणात शंका मांडायला जागा असते, मतदानात नसते. पटत नसेल ते पक्षाच्या बैठकीत, विधेयक मांडलं जाण्याआधी सांगायला हवं.

स्थानिक क्षेत्र विकास निधी वर्षाला पाच कोटींचा असतो. खासदार कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करतं. कंत्राटदार कोण असावा हे सुचवण्याचा अधिकार त्यात येत नाही.

खासदार झाल्यावर वकिली चालू ठेवायची का

कायद्याने चालते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की खासदार-आमदार हे बार कौन्सिलच्या नियम ४९ मधले पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, म्हणून त्यांना वकिली करता येते. मंत्री झालात तर मात्र प्रॅक्टिस थांबवायची.

खासदाराचं वेतन एप्रिल २०२३ पासूनच्या सुधारणेनुसार महिना १,२४,००० रुपये आहे, मतदारसंघ भत्ता आणि अधिवेशनातला दैनिक भत्ता वेगळा. जिल्ह्यात चांगली प्रॅक्टिस असणाऱ्याचं उत्पन्न यापेक्षा जास्त असू शकतं, म्हणून वकिली सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. उत्पन्न स्वतःच्या कष्टाचं असलं की माणूस राजकारणात कुणाचा मिंधा होत नाही, आणि हा फायदा मी फार मोठा मानतो. पण मतदारसंघाचा खासदार अधिवेशनाच्या दिवशी कोर्टात उभा दिसला, तर मतदाराला ते पटत नाही आणि पटूही नये. अधिवेशनाच्या काळात तारखा घेऊ नका. ज्या मंत्रालयाच्या समितीत बसता, त्या मंत्रालयाशी संबंधित कंपनीचं किंवा खात्याचं वकीलपत्र घेऊ नका, मग फी कितीही असो. राज्यसभेत असाल तर सदस्यांच्या हितसंबंधांच्या नोंदवहीत व्यावसायिक कामाची नोंद करावी लागते, ती वेळच्या वेळी करा. मतदारसंघातल्या दोन मतदारांमधल्या वादात कुणा एकाची बाजू घेऊन उभं राहणं तर कायमचं बंद करा. ती प्रकरणं ज्युनियरच्या नावावर ठेवून मागून चालवणंही नको. वकीलपत्र रीतसर मागे घ्या, कागद अशिलाला परत द्या आणि पोच घेऊन ठेवा.